घंटी आधीं कीं क्रमांक आधीं ?

टेलिफोन नवा होता त्या काळीं कॉल कोणाचा आहे हें सांगण्याचें काम माणूस करीत असे. केंद्रांतील ऑपरेटर 'चांद्याहून ट्रंककॉल आहे' असें प्रथम सांगे आणि मग जोडून देई. १८९१ सालीं अमेरिकेंत आल्मन स्ट्रोजर यांस स्वयंचलित केंद्राचें पेटंट मिळालें. पुढें अशीं केंद्रें सर्वत्र झालीं आणि मधला माणूस निघून गेला. भारतांत ग्राहकानें स्वतःच दूरच्या गांवचा क्रमांक फिरवावा ही एस. टी. डी. ची सोय १९६० सालीं लखनौ व कानपूर या शहरांमध्यें प्रथम झाली. सोय वाढली खरी, परंतु पलीकडे कोण आहे हें फोन उचलल्यावांचून कळेनासें झालें.

हें उणें इलेक्ट्रॉनिक केंद्रांनीं भरून काढलें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनें खेड्यांसाठीं १२८ जोडण्यांचें लहान केंद्र तयार केलें. धूळ व उन्हाळा सोसणारें आणि थंड हवेच्या यंत्रावांचून चालणारें असें तें होतें. १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें त्याचा आरंभ झाला आणि मग देशभर अशीं केंद्रें उभीं राहिलीं. संगणकाच्या तत्त्वावर चालणाऱ्या केंद्राला कॉल करणाराचा क्रमांक ठाऊक असतो. तो घेणाराच्या तारेवर पाठवणें शक्य झालें. यालाच कॉलर आयडी म्हणतात. ऑपरेटरचें जुनें काम यंत्र पुन्हां करूं लागलें. फरक इतकाच कीं ऑपरेटर थांबून सांगे, यंत्र एकदांच सांगतें. ऐकणारा त्या क्षणीं सावध नसेल तर तें पुन्हां सांगत नाहीं. पुढील सर्व विवेचनाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

हा प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांत विशेष महत्त्वाचा होतो. ऑगस्ट १९८२ मध्यें चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून दोन-तृतीयांशाहून अधिक भागावर वन आहे. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा मुलखांत ग्रामीण रुग्णालय, वनपरिक्षेत्राचें कार्यालय किंवा आश्रमशाळा यांचा लँडलाइनचा क्रमांक हीच त्यांची ओळख असते. तो भिंतीवर रंगवलेला असतो, वहींत लिहिलेला असतो, कित्येकांना तोंडपाठ असतो. परंतु तो उचलणारा माणूस टेबलाशीं बसून नसतो. डॉक्टर वॉर्डांत असतो, वनपाल गस्तीवर असतो, अधीक्षक वसतिगृहाच्या दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून जुना क्रमांक न बदलतां त्यावर येणारा कॉल इंटरनेट-फोनकडे वळवण्याची योजना करतात. त्याकरितां मध्यें एक लहान पेटी बसवावी लागते; तिला गेटवे म्हणतात. केंद्राकडून आलेली तार तिच्या ज्या तोंडांत बसते त्यास एफएक्सओ पोर्ट हें नांव आहे.

ही पेटी बसली कीं दोन तक्रारी निघतात. कोठें इंटरनेट-फोन तत्काळ वाजतो, पण पडद्यावर क्रमांकाच्या जागीं 'अज्ञात' एवढेंच येतें. कोठें फोन उशिरां वाजतो. कॉल करणाराला तीन-चार घंट्या ऐकूं गेल्या तरी इकडे सारें शांत असतें. शहरांत या तक्रारी किरकोळ ठरतील. पण टेकाडावर चढून कशीबशी रेंज मिळवलेला मनुष्य फार वेळ वाट पाहूं शकत नाहीं. शिल्लक संपत आलेला मनुष्य तर जाणूनबुजून एकच घंटी देतो आणि उलट फोनाची अपेक्षा करतो. त्याची घंटी ऐकूं आली नाहीं आणि क्रमांकही राहिला नाहीं, तर बाळंतिणीची गाडी कोणीं पाठवावी ? गुराख्यावर वाघानें हल्ला केल्याची वर्दी कोणाला मिळावी ?

दोष कोठें आहे हें समजण्यासाठीं क्रमांक तारेवरून कसा येतो तें पाहिलें पाहिजे. फोन ठेवलेला असतां तारेवर सुमारे ४८ व्होल्ट दाबाची स्थिर वीज असते. घंटी वाजवावयाची झाली कीं केंद्र तारेवर बरीच अधिक दाबाची उलटसुलट वाहणारी वीज सोडतें. भारतांतील घंटीला ठराविक ताल आहे: ०.४ सेकंद वाजणें, ०.२ सेकंद थांबणें, पुन्हां ०.४ सेकंद वाजणें आणि मग २ सेकंद शांतता. म्हणजे एक आवर्तन तीन सेकंदांचें झालें. या आवर्तनाच्या अलीकडे अथवा त्यांतील शांततेंत क्रमांक पाठवण्याच्या दोन मुख्य पद्धति आहेत.

पहिलीचें नांव एफएसके. तींत दोन वेगवेगळ्या उंचीचे सूर शून्य व एक या चिन्हांसाठीं योजून सेकंदास १२०० चिन्हें या वेगानें मजकूर पाठवतात. अमेरिकन प्रकारांत हे सूर १२०० व २२०० हर्ट्झचे, तर ब्रिटनमधील प्रकारांत १३०० व २१०० हर्ट्झचे असतात. अमेरिकन रीतीनें हा मजकूर पहिल्या घंटीनंतरच्या शांततेंत येतो आणि एका सेकंदाच्या आंत संपतो. त्याच्या शेवटीं ताळा पाहण्यासाठीं एक आंकडा असतो. बेरीज जुळली नाहीं तर क्रमांक बिघडला हें यंत्राला कळतें.

दुसरी पद्धति डीटीएमएफ. टेलिफोनाचीं बटणें दाबतांना जे दुहेरी सूर ऐकूं येतात तेच येथें केंद्र ग्राहकाकडे पाठवतें. प्रत्येक अंक म्हणजे एक खालचा व एक वरचा असे दोन सूर एकत्र. उदाहरणार्थ पांच या अंकास ७७० व १३३६ हर्ट्झ. क्रमांकाच्या आरंभीं ए किंवा डी आणि अखेरीस सी अशा खुणा घालण्याचा प्रघात आहे. भारतांतील लँडलाइनवर ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे, आणि तींत क्रमांक पहिल्या घंटीच्या आधींच येतो. केंद्र प्रथम तारेवरील विजेचे धन व ऋण हे ध्रुव उलटे करून सूचना देतें, मग सूर पाठवतें, आणि त्यानंतर घंटी वाजवतें. प्रत्येक सूर ७० मिलिसेकंदांचा व मधली शांतता तितकीच धरली, तर अकरा अंक व दोन खुणा मिळून तेरा चिन्हांना पावणेदोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. या पद्धतींत ताळ्याचा आंकडा नसतो. एखादा सूर निसटला तर क्रमांक एका अंकानें तोकडा येतो, इतकेंच.

आतां तक्रारीचा उगम कळूं लागेल. बाजारांतील बहुतेक गेटवे परदेशांत रूढ असलेल्या रीतीला अनुसरून मांडलेले असतात. त्यांची मूळ मांडणी अशी असते कीं पहिली घंटी होऊं द्यावी, पुढच्या शांततेंत कान लावावा, क्रमांक मिळाला कीं कॉल पुढें धाडावा. अशी पेटी भामरागडच्या तारेवर बसवली आणि तेथील केंद्र घंटीपूर्वीं डीटीएमएफनें क्रमांक पाठवीत असेल, तर काय होईल ? क्रमांक येऊन गेला तेव्हां पेटी निजलेली असते. पहिल्या घंटीनें ती जागी होते आणि दोन सेकंद त्या शांततेंत ऐकत बसते; तेथें कांहींच येणार नसतें. दुसरी घंटी वाजते तेव्हां तीन सेकंद गेलेले असतात. एखादी पेटी आणखी एक आवर्तन थांबते, म्हणजे सहा सेकंद होतात. अखेर ती कंटाळून क्रमांकावांचून कॉल पुढें सोडते. गाडी सुटून गेल्यावर फलाटावर वाट पाहावी, त्यांतला हा प्रकार. वेळही गेला आणि क्रमांकही गेला.

यावर कित्येक जण उतावीळपणें प्रतीक्षा शून्य करून टाकतात. तेणेंकरून घंटी लवकर वाजते, पण क्रमांक कायमचा जातो. याचें कारण इंटरनेट-फोनच्या रचनेंत आहे. एसआयपी या रूढ पद्धतींत कॉलचें आमंत्रण एका संदेशानें जातें आणि पाठवणाराचें नांव त्या संदेशाच्या माथ्यावर, पाकिटावर लिहिल्याप्रमाणें, असतें. पाकीट टपालांत पडल्यावर त्यावर नांव घालतां येत नाहीं. मागाहून दुरुस्तीचा संदेश पाठवण्याची सोय आहे, परंतु पुष्कळ फोन त्यावरून पडद्यावरचें नांव बदलीत नाहींत. म्हणून पाकीट बंद करण्यापूर्वीं क्रमांक हातांत असणें हाच खरा मार्ग होय.

तेव्हां पहिलें काम म्हणजे आपलें केंद्र क्रमांक कोणत्या वेळीं पाठवतें हें शोधणें. त्यासाठीं महाग उपकरण नको. क्रमांक दाखवणारा साधा टेलिफोन त्याच तारेला लावावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करावा. घंटी वाजण्याच्या आधींच पडद्यावर क्रमांक उमटला, तर तो घंटीपूर्वीं येत आहे. पहिली घंटी होऊन गेल्यावर उमटला, तर तो मधल्या शांततेंत येत आहे. मुळींच उमटला नाहीं, तर त्या जोडणीवर ही सोय चालू आहे कीं नाहीं याची केंद्राकडे चौकशी करावी. पेटीला दोष देऊं नये. ही कसोटी निरनिराळ्या ठिकाणांहून चार-पांच कॉल करून घ्यावी, म्हणजे एका वेळच्या योगायोगावर निर्णय अवलंबून राहणार नाहीं.

दुसरें काम पेटीला तसें सांगणें. गेटवेच्या मांडणींत कॉलर आयडीचा प्रकार व त्याचा आरंभ असे दोन प्रश्न असतात. मार्क स्पेन्सर यांनीं १९९९ सालीं सुरूं केलेली 'अॅस्टेरिस्क' ही टेलिफोन-केंद्राची प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरतां येते. तींत प्रकाराच्या जागीं अमेरिकन, ब्रिटिश, जपानी व डीटीएमएफ असे पर्याय आहेत. आरंभाच्या जागीं घंटी, ध्रुवांचा पालट, आणि तिसरा खास भारतासाठीं ठेवलेला 'पोलॅरिटी आयएन' हा पर्याय आहे. भारतांतील रीत वेगळी आहे हें जगांतील रचनाकारांनाही मान्य करावें लागलें, याचें हें गमक होय. जेथें पालटाची सूचना मिळतच नाहीं तेथें तारेवर डीटीएमएफचा सूर उमटतांच ऐकूं लागावें असाही एक पर्याय आहे. ही मांडणी जुळली कीं घंटी वाजावयाच्या आधींच क्रमांक पेटीच्या हातीं असतो. मग घंटीनंतर थांबण्याचें कारणच उरत नाहीं. विलंब व 'अज्ञात' या दोन्ही तक्रारी एकाच उपायानें दूर होतात.

वनप्रदेशांत मात्र एक अडचण अधिक असते, ती तारेच्या लांबीची. तांब्याच्या तारेंतून वरचे सूर खालच्या सुरांपेक्षां अधिक क्षीण होतात. केंद्रापासून घर जितकें दूर तितका हा फरक वाढतो. डीटीएमएफमध्यें दोन्ही सूर जवळजवळ समान बळाचे असावे लागतात; फरक ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर यंत्र तो अंक मानीत नाहीं. त्यांत पावसाळ्यांत सांध्यांत पाणी शिरलें कीं खरखर वाढते. म्हणून उन्हाळ्यांत बरोबर दिसणारा क्रमांक श्रावणांत तोकडा दिसूं लागतो. पेटीची ऐकण्याची पातळी थोडी वाढवणें हा एक उपाय आहे. अॅस्टेरिस्कमध्यें क्रमांक ऐकण्यापुरती ही पातळी मुळांतच ५ डेसिबलनें वाढवलेली असते. परंतु ती अतोनात वाढवली तर खरखरही सुरासारखी ऐकूं येते. सांधे दुरुस्त करून घेणें आणि पेटी घरांत जेथें तार शिरते तेथेंच जवळ बसवणें हे त्याहून चांगले उपाय होत.

जेथें क्रमांक घंटीनंतर एफएसकेनें येतो तेथें थोडी प्रतीक्षा अपरिहार्य आहे. पण तिला मर्यादा असावी. ताळा जुळतांच कॉल पुढें जावा, आणि दुसरी घंटी सुरूं होईपर्यंत क्रमांक आला नाहीं तर त्यावांचून जावा. म्हणजे फार तर तीन सेकंद. याहून अधिक थांबणें म्हणजे क्रमांकासाठीं माणसाला वेठीस धरणें. कारण पेटीनंतरही वाट आहेच. इंटरनेटची जोडणी उपग्रहावरून असेल तर संदेशाला सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यावें लागतें व एका बाजूस पाव सेकंद जातो. मोबाइलवरील अॅप निद्रित असेल तर तें जागें होण्यास आणखी कांहीं सेकंद लागतात. रुग्णालयासारख्या ठिकाणीं म्हणूनच टेबलावर वा भिंतीवर सदैव जागा असणारा एक तरी इंटरनेट-फोन ठेवावा. एकट्या मोबाइलवर भिस्त ठेवूं नये.

आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं पेटीनें तार उचलण्याची घाई करूं नये. कांहीं ठिकाणीं पेटी घंटी होतांच स्वतः कॉल उचलते व मग आंतल्या आंत फोन वाजवते. असें केल्यानें कॉल करणाराचे पैसे तेव्हांपासूनच लागूं लागतात, आणि घंटीनंतर क्रमांक यावयाचा असेल तर तोही येत नाहीं; कारण उचललेल्या तारेवर केंद्र तो पाठवीत नाहीं. माणसानें इंटरनेट-फोन उचलला कीं मगच पेटीनें तार उचलावी.

दुसरी गोष्ट, क्रमांक मिळतांच तो नोंदवहींत, म्हणजे पेटीच्या नोंदींत, वेळेसह उतरला पाहिजे. फोन वाजला असो वा नसो. समोरच्यानें मध्येंच फोन ठेवला हें पेटीला तत्काळ समजत नाहीं. पुढची घंटी आली नाहीं एवढ्यावरूनच तिला तें ताडावें लागतें, म्हणून कॉल करणारा गेल्यावरही इकडचा फोन कांहीं सेकंद वाजत राहतो. घाईनें उचलणाराला तेथें कोणीच सांपडत नाहीं. परंतु नोंदींत क्रमांक असेल तर एका घंटीचा कॉलही वायां जात नाहीं. उलट फोन करतां येतो.

तिसरी गोष्ट क्रमांकाच्या रूपाची. गडचिरोलीचा संकेतांक ०७१३२, भामरागडचा ०७१३४, चंद्रपूरचा ०७१७२. तोच क्रमांक कोठें आरंभींच्या शून्यासह, कोठें शून्यावांचून दिसतो. पेटीनें सर्व क्रमांकांना एकच रूप द्यावें, नाहींतर नोंदींत नांव असूनही फोन तें दाखवीत नाहीं. आणि अंक तोकडे आले तर ते पुसून न टाकतां अपुरे म्हणून दाखवावेत. नऊ अंकांवरूनही ओळखीचा माणूस कळूं शकतो.

उलट दिशेनें, म्हणजे इंटरनेटवरून आलेला कॉल जुन्या टेलिफोनवर घ्यावयाचा असेल, तर पेटीच्या एफएक्सएस पोर्टला केंद्राचें काम करावें लागतें. तेथेंही तो टेलिफोन एफएसके समजतो कीं डीटीएमएफ हें पाहून तीच पद्धति ठरवावी. जेथें तांब्याच्या जागीं काचतंतूची तार आली आहे आणि कॉल मुळापासूनच इंटरनेटच्या पद्धतीनें पेटीपर्यंत येतो, तेथें क्रमांक आमंत्रणाबरोबरच असतो. हा सारा प्रश्न तेथें उरत नाहीं. मात्र तांब्याची तार जेथें अजून आहे तेथें तिचा स्वभाव ओळखूनच चाललें पाहिजे. तसेंच ही योजना आपल्या संस्थेच्या स्वतःच्या जोडणीपुरती असावी. इंटरनेट-टेलिफोनीला भारतांत २०१८ सालीं दूरसंचार विभागानें परवानाधारक कंपन्यांमार्फत वाट मोकळी केली. परवान्यावांचून इतरांचे कॉल वाहून नेण्याचा धंदा करणें हा अपराध आहे.

सारांश, विलंबाचें मूळ बहुधा यंत्राच्या मंदपणांत नसतें. तें चुकीच्या क्षणीं कान लावण्यांत असतें. केंद्र केव्हां बोलतें हें एकदां पारखून घ्यावें, त्याच वेळीं पेटीनें ऐकावें, आणि ऐकूं आलें नाहीं तरी घंटी अडवूं नये. क्रमांक ही सोय आहे. घंटी ही हांक आहे. हांक मारणाराची ओळख पटवण्यापायीं त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणें योग्य नव्हे.